प्रोटीन पावडरचा डबा घेण्याआधी

गरज : निरोगी प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने. ६० किलो वजनाला सुमारे ५० ग्रॅम.

ताटातून : ५० ग्रॅम फुटाण्यांतून सुमारे १०, पेलाभर (२५० मिली) दुधातून ८, एका अंड्यातून ६ ग्रॅम. मोड आलेली मटकी-मूग रोज ताटात हवेत.

डब्यावर पाहा : १४ अंकी एफएसएसएआय परवाना क्रमांक, एका मापातील प्रथिने, साखर, मुदत.

सल्ला : शरीर कमावण्यासाठी अशा पावडरी टाळाव्यात, असे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२४ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात.

सावधान : मूत्रपिंडाचा विकार असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय शेक घेऊ नका.

आधी ताट पुरे करा. डब्याचा विचार नंतर.