पावसाळा धरून ठेवणारी सोडणं

गोव्यात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. तरीही उन्हाळ्यातल्या शिरगावच्या लईराईच्या जत्रेपर्यंत पेडणे-डिचोलीतल्या कितीतरी विहिरी तळ गाठतात. सगळा पाऊस चार महिन्यांत ओतून जातो. खाली जांभ्याची माती, तिच्यात सेंद्रिय अंश थोडा. हरमल-मोरजीच्या किनाऱ्याला तर वाळूच. दिवाळीनंतर माडाला, मिरचीला घातलेलं पाणी मुळांशी थांबतच नाही.

वाळवंटातल्या शेतकऱ्याचं दुखणं हेच. नॉर्वेची ‘डेझर्ट कंट्रोल’ कंपनी चिकणमातीचे अतिसूक्ष्म कण पाण्यात कालवून वाळूत मुरवते. ते दाण्यांना चिकटतात आणि ओल धरतात. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेच्या ‘पुसा हायड्रोजेल’चे दाणे स्वतःच्या वजनाच्या साडेतीनशे पट शुद्ध पाणी पितात आणि मुळांना हळूहळू सोडतात. हेक्टरी अडीच ते पाच किलो पुरतं.

आपल्या परसात हेच काम करणारी वस्तू पडलेली असते: नारळाची सोडणं. पुरती भिजली की ती वजनाच्या सहा ते आठ पट पाणी धरतात. १९१६ साली कासारगोडला नारळाचं संशोधन केंद्र सुरू झालं. आजच्या तिथल्या संस्थेने सांगितलेली रीत साधी आहे. पावसाच्या तोंडावर बुंध्यापासून दोन मीटरवर गोल चर खणायचा, अर्धा मीटर रुंद, तेवढाच खोल. सोडणं पोकळ बाजू वर ठेवून थरावर थर रचायची, वर माती. प्रत्येक सोडण वाटीसारखं पाणी साठवतं. आळ्यात नुसती पसरायची असतील तर मात्र उलट, पाठ वर. तिथे काम ऊन अडवायचं. पुरलेल्या सोडणांचा गुण पाच ते सात वर्षं टिकतो, शिवाय कुजताना पालाश मिळतं. जांभ्याच्या मातीला तेच कमी पडतं.

म्हणून सोडणांचा ढीग पेटवलेला दिसला की जीव तुटतो. दोडामार्गाहून तिळारी धरणाचं पाणी कालव्याने एवढ्या लांब आणायचं आणि आळ्यात ते धरणारी वस्तू जाळायची, हे मला पटत नाही.

डिचोलीत खाणींचा गाळ बसलेल्या शेतांना मात्र हा उपाय लागू नाही. तिथे आधी गाळच काढायला हवा.

एका आळ्याच्या नुसत्या आच्छादनालाच अडीचशे ते तीनशे सोडणं लागतात. एका घरची एकदम जमत नाहीत. नारळ उतरवणारा पाडेली येऊन गेला की शेजारच्या दोन-तीन घरांनी आपली सोडणं एकत्र करावीत आणि दरवर्षी एकेकाच्या बागेत चर भरावेत.