पुडकी किती, पाने किती?

वडिलांचे आजचे वय मुलाच्या वयाच्या चौपट आहे. पाच वर्षांनी ते तिप्पट होईल. तर प्रत्येकाचे आजचे वय किती?

असे उदाहरण आपण सर्वांनी सोडवले आहे. उत्तर ४० आणि १० वर्षे. पण हा प्रश्न कोणाला पडतो? ज्याला ही पटीची माहिती आहे, त्याला वये आधीच ठाऊक असणार! कोडे म्हणून त्यात गैर काही नाही. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तही गमतीची कोडी आहेत. पण शाब्दिक उदाहरणे म्हणजे केवळ कोडीच, अशी विद्यार्थ्यांची समजूत झाली, तर बीजगणित व्यवहारात कशाला लागते हे त्यांना कळत नाही.

यावर एक सोपा उपाय केला जातो. आंब्यांच्या जागी मोहफुले घालायची आणि उदाहरण परिसराशी जोडले असे म्हणायचे. कपडे बदलले, माणूस तोच. परिसराचा खरा उपयोग वेगळाच आहे.

चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत उन्हाळ्यात असंख्य कुटुंबे तेंदूपत्ता तोडतात. महाराष्ट्रात ७० पानांचे एक पुडके आणि १,००० पुडक्यांची एक प्रमाण गोणी धरतात. समजा, पुडक्यांची संख्या क आणि पानांची संख्या प आहे. या दोहोंतील संबंध समीकरणात मांडायला सांगा. काही विद्यार्थी हमखास ७०प = क असे लिहितील, कारण ‘७० पाने म्हणजे १ पुडके’ हे वाक्य त्यांनी जसेच्या तसे उतरवलेले असते. त्यांच्या लेखी प हे ‘पाने’ या शब्दाचे लघुरूप असते, संख्या नसते. ही चूक लहान मुलांचीच नव्हे. अमेरिकेत १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ‘विद्यार्थी प्राध्यापकांच्या सहापट आहेत’ हे वाक्य अभियांत्रिकीच्या सुमारे ३७ टक्के विद्यार्थ्यांनी चुकीचे मांडले होते.

आता क = २ घेऊन पाहू. पाने १४० हवीत. पण ७०प = क या समीकरणाप्रमाणे दोन पुडक्यांत एक पानदेखील पुरते भरत नाही! पुडकी बांधलेल्या मुलीला हे ऐकून हसू येईल आणि प = ७०क हे ती स्वतःच दुरुस्त करील. परिचित विषयाचा फायदा हा, की उत्तर ताडून पाहता येते.

याहून चांगले उदाहरण ग्रामसभेत सापडते. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरील गावाचा हक्क मान्य केला. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पुढे या भागातील अनेक ग्रामसभा तेंदूपत्ता स्वतः विकू लागल्या. म्हणजे व्यापाऱ्यांचे देकार तोलून पाहणे आले. सोयीसाठी काल्पनिक आकडे घेऊ. पहिला व्यापारी शेकडा पुडक्यांना ४०० रुपये देतो. दुसरा शेकडा ३४० रुपये देतो आणि वर ग्रामसभेला ९०,००० रुपये एकरकमी देतो. कोणाला द्यावे?

एकूण क्ष शेकडे पुडकी धरली तर

४००क्ष = ३४०क्ष + ९०,०००

यावरून क्ष = १,५००, म्हणजे दीड लाख पुडकी किंवा १५० प्रमाण गोण्या. संकलन याहून कमी होणार असेल तर दुसरा देकार फायद्याचा, जास्त होणार असेल तर पहिला. येथे समीकरणाचे उत्तर म्हणजे निर्णय नव्हे, निर्णय जिथे बदलतो ती जागा आहे. पाठ्यपुस्तकात हे क्वचितच दिसते.

वर्गात वाद होईल तो पुढेच. एकरकमी पैसे ग्रामसभेच्या खात्यात जाणार, शेकड्याचा दर तोडणाऱ्याच्या हातात पडणार. जास्त पाने तोडणारे कुटुंब कोणत्या बाजूने मत देईल? ९०,००० रुपये वाटून घ्यायचे ठरले तर घरटी की पुडक्यांप्रमाणे? प्रत्येक पर्यायाचे समीकरण वेगळे होईल, तेवढी सगळी मांडून घ्यावीत. गावात साधारण किती गोण्या होतात हा आकडा मात्र शिक्षकाने देऊ नये. गेल्या दोन-तीन वर्षांचा हिशोब ज्यांनी ठेवला असेल, त्यांच्याकडे जाऊन विद्यार्थ्यांनीच तो विचारून आणावा.