तीन गळे, 180 आवाज

'बोहेमियन रॅप्सडी'च्या मधोमध ऑपेराचा तुकडा येतो तेव्हा वाटतं, स्टुडिओत शंभर-दीडशे माणसं दाटीवाटीने उभी केली असणार. प्रत्यक्षात गाणारे क्वीन बँडचे तिघंच: फ्रेडी मर्क्युरी, ब्रायन मे आणि रॉजर टेलर. 1975 साली टेपवर 24 ट्रॅक मिळायचे. ते भरले की सगळं एक-दोन ट्रॅकवर उतरवायचं आणि मोकळ्या झालेल्या जागेत पुन्हा गायचं. थरावर थर चढत आवाज 180 च्या घरात गेले. एवढ्याशा तुकड्याला तीन आठवडे लागले, रोज दहा-बारा तास. टेप यंत्रावरून इतक्यांदा फिरली, की तिच्यावरचा लेप झिजला आणि उजेडात धरल्यावर आरपार दिसू लागलं!

तयार गाणं 5 मिनिटं 55 सेकंदांचं. कोपरीच्या बाजूने ठाणे स्टेशनात शिरा, मुंबईकडची स्लो लोकल पकडा आणि गाडी हलताच गाणं लावा. ते संपेपर्यंत मुलुंड मागे पडलेलं असतं. रेडिओसाठी हे फार लांब, असं तेव्हा जाणकार सांगत होते. ब्रिटनमध्ये ते नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं.

क्वीन नव्याने ऐकणाऱ्याला मी एकच सांगेन: मोजक्या माणसांतून हा बँड गर्दी कशी उभी करतो, त्याकडे कान द्या. 1976 चं 'समबडी टू लव्ह' घ्या. चर्चमधल्या भल्यामोठ्या गायकवृंदासारखं वाटतं, पण गळे तेच तीन.

मग 1977 चं 'वी विल रॉक यू'. यात ड्रम नाहीत. लंडनमधल्या एका जुन्या चर्चमध्ये स्टुडिओ होता. तिथे पडलेल्या फळ्यांवर पाय आपटायचे, टाळ्या वाजवायच्या आणि ते पुन्हा पुन्हा रेकॉर्ड करायचं. ब्रायन भौतिकशास्त्राचा विद्यार्थी. त्याने त्या आवाजाच्या प्रती किंचित उशिराने जोडल्या आणि ही अंतरं मूळ संख्यांच्या प्रमाणात ठेवली. त्यामुळे एकीची पट दुसरीवर बसत नाही, प्रतिध्वनी जाणवत नाही. लांब-जवळ उभे असलेले हजारो लोक एकदम पाय आपटताहेत असंच वाटतं. अर्धवट सोडलेली पीएचडी त्याने 2007 मध्ये पूर्ण केली, सूर्यमालेतल्या धुळीवर.

या सगळ्याचं एक मूळ आपल्या पाचगणीत आहे. झांझिबारला जन्मलेला फारुख बलसारा, म्हणजेच पुढचा फ्रेडी मर्क्युरी, आठव्या वर्षी तिथल्या सेंट पीटर्स शाळेत आला. 1958 मध्ये पाच मुलांनी 'द हेक्टिक्स' बँड काढला, त्यात तो पियानोवर होता. मुख्य गायक दुसराच मुलगा होता. पुढे जगाने ज्याचा गळा डोक्यावर घेतला, तो आधी बाजूला बसून वाजवत होता, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

बासवादक जॉन डीकन रेकॉर्डवर गात नसे, म्हणून त्याला विसरू नका. 1980 चं 'अनदर वन बाइट्स द डस्ट' त्याचं. त्याची लय मिनिटाला साधारण 110 ठोक्यांची. हृदय बंद पडलेल्या माणसाच्या छातीवर मिनिटाला 100 ते 120 वेळा दाब द्यायचा असतो. हे गाणं त्यात नेमकं बसतं.

13 जुलै 1985, लंडनचं वेम्बले स्टेडियम, 'लाइव्ह एड' ही मदतनिधीची मैफल. समोर 72,000 माणसं. गर्दीच्या वेळची बारा डब्यांची लोकल साधारण पाच हजार जणांना नेते. म्हणजे खच्चून भरलेल्या चौदा-पंधरा गाड्या एका मैदानात रिकाम्या केल्या, असं समजा. क्वीनला 21 मिनिटं मिळाली, त्यात सहा गाणी. 'रेडिओ गागा'ला सगळ्यांचे हात एकाच वेळी डोक्यावर जातात आणि एकसाथ दोन टाळ्या पडतात. आधी फळ्यांवर बनवलेली गर्दी इथे सदेह उभी आहे.

शेवटी 'लव्ह ऑफ माय लाइफ' दोनदा ऐका. आधी 1975 चं स्टुडिओतलं, पियानोवरचं. मग जानेवारी 1985 चं, रिओ दी जानेरोमधलं. तिथला जमाव अडीच लाखांच्या आसपास धरतात. ब्रायन गिटार छेडतो, फ्रेडी सुरुवात करतो आणि थांबतो. पुढचं गाणं पोर्तुगीज बोलणारी ती माणसं इंग्रजीत, सुरात, त्याच्यासाठी म्हणतात.