रानांतील तेलें आणि त्यांचे गुणदोष



भद्रावतीहून ताडोब्याच्या दिशेनें निघालें कीं थोड्याच वेळांत मोहाचीं झाडें दिसूं लागतात. मार्च-एप्रिल महिन्यांत त्यांचीं फुलें वेंचावयास घरचीं लहानथोर माणसें पहांटेसच बाहेर पडतात, हें सर्वश्रुत आहे. परंतु फुलांचा हंगाम सरल्यावर त्याच झाडांना जीं फळें धरतात, त्यांच्या बियांची कथा शहरवासीयांस फारशी ठाऊक नसते. या बियांना इकडे टोळ म्हणतात. बीच्या आंतील गराच्या वजनाच्या सुमारें निम्में तेल त्यांतून निघतें. मोह, करंज, कडुनिंब, कोशिंब, बिबा अशा झाडांनीं भरलेलीं चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांचीं अरण्यें हें तेलबियांचें एक मोठें कोठारच आहे. या कोठारांतील कोणतें तेल अंगास लावावें, कोणतें केसांस लावावें आणि कोणत्यापासून चार हात दूर राहावें, याचा विचार आज आपणांस करावयाचा आहे.

हा विचार निकडीचा होण्याचें कारण असें कीं, हल्लीं बाजारांत ‘नैसर्गिक’ या शब्दाला भलताच मान आला आहे. बाटलीवर तो शब्द छापलेला असला कीं आंतील पदार्थ निर्धोक असलाच पाहिजे, अशी आपली समजूत होते. ही समजूत दूर करावयास रानांतील एक बिबा पुरेसा आहे. बिब्याच्या आंतला गर म्हणजे गोडंबी. ती आपण डिंकाच्या लाडवांत आवडीनें घालतों. परंतु त्याच गोडंबीवरील कवचांत जें काळें, चिकट तेल असतें, तें कातडीस लागलें कीं खाज सुटते, फोड येतात, ते फुटून पाणी वाहतें आणि पुढें कित्येक महिने काळा डाग राहतो. परीट लोक कपड्यांवर खूण करावयास याच रसाचा उपयोग करीत. ती खूण कितीहि धुतली तरी जात नसे. काजूच्या टरफलांतील तेलहि याच जातीचें आहे. असें असूनहि टाचांच्या भेगांवर, दुखऱ्या गुडघ्यावर, फार काय पण लहान मुलांच्या अंगावरसुद्धां बिबा लावण्याची चाल खेड्यापाड्यांतून अद्याप आढळते. आयुर्वेदानें बिब्याला औषधांत स्थान दिलें, पण तें शोधनाचा संस्कार केल्यानंतर आणि वैद्याच्या देखरेखीखालीं. घरच्या घरीं दिव्यावर धरून टिपलेल्या बिब्याला तो आधार लागूं पडत नाहीं. एकाच फळाच्या दोन भागांत पौष्टिक अन्न आणि दाहक विष निसर्गानें शेजारीं शेजारीं ठेवलें आहे; तेव्हां निसर्गाचें नांव ही कांहीं गुणाची हमी नव्हे.

मग गुण ओळखावा कसा? त्यासाठीं प्रथम आपल्या त्वचेची रचना पाहूं. त्वचेचा सर्वांत वरचा थर हा विटांच्या भिंतीसारखा आहे. मृत पेशी ह्या विटा, आणि त्यांच्यामधील स्निग्ध द्रव्य हा चुना. हा चुना शाबूत असला म्हणजे आंतील ओलावा बाहेर जात नाहीं व बाहेरचे जंतु आंत येत नाहींत. तेल लावल्यानें त्वचेस पाणी मिळत नाहीं. असलेलें पाणी उडून जाण्यास अटकाव मात्र होतो. म्हणूनच कोरड्या अंगास तेल चोळण्यापेक्षां, स्नानानंतर अंग टिपून तें किंचित् दमट असतांनाच पातळ हात फिरवावा, हें अधिक हितावह.

आतां सगळींच तेलें या भिंतीशीं सारखीं वागत नाहींत. प्रत्येक तेल निरनिराळ्या मेदाम्लांचें बनलेलें असतें. त्यांपैकीं लिनोलेइक नांवाचें आम्ल त्वचेच्या चुन्यास पोषक ठरतें, तर ओलेइक नांवाचें आम्ल फार झालें असतां तो चुना सैल करतें. इंग्लंडांत शेफील्ड येथील संशोधकांनीं २०१३ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत प्रौढ माणसांच्या हातांवर कांहीं आठवडे ऑलिव्हचें तेल लावून पाहिलें, तेव्हां त्वचेची भिंत पूर्वीपेक्षां दुबळी झाल्याचें आढळलें. सूर्यफुलाच्या तेलानें तसें झालें नाहीं. ऑलिव्हच्या तेलांत ओलेइक आम्ल विपुल, सूर्यफुलाच्या नेहमींच्या तेलांत लिनोलेइक विपुल, हें त्याचें इंगित. आपल्या वऱ्हाड-मराठवाड्यांत पिकणारी साधी करडई या बाबतींत सूर्यफुलाच्याच पंक्तीस बसते, आणि तिळाच्या तेलांत हीं दोन्हीं आम्लें जवळजवळ समसमान असतात.

मोहाच्या तेलाची जागाहि यावरूनच ठरते. त्यांत ओलेइक आम्ल तर आहेच, शिवाय तुपांत असतात तशीं थिजणारीं मेदाम्लेंहि पुष्कळ आहेत. म्हणून थंडीच्या दिवसांत हें तेल गोठून लोण्यासारखें होतें. आदिवासी वस्त्यांत तें खाण्यांत, दिव्यांत व अंगास लावण्यांत वापरीत आले आहेत. टाचा, कोपर, गुडघे अशा जाड कातडीच्या जागीं त्याचा घट्ट थर टिकून राहतो व भेगा भरून यावयास मदत होते. बिब्याऐवजीं भेगांवर मोहाचें तेल लावावें, ही सूचना खेड्यांतील प्रत्येक घरीं पोहोंचावी, असें मला वाटतें. मात्र तान्ह्या मुलाच्या नाजुक कातडीस तें योग्य म्हणतां येणार नाहीं. तेल काढल्यावर उरणाऱ्या पेंडींत फेस आणणारें द्रव्य असतें. त्या फेसामुळें ती केस धुण्यास वापरतात. पण तेंच द्रव्य माशांना मारक असल्यानें ती पेंड ओढ्यांत टाकूं नये व गुरांस तशीच घालूं नये.

करंज व कडुनिंब हीं कडू तेलें. दोन्हींच्या अंगीं किडींस व जंतूंस आवरण्याचा गुण आहे, म्हणून खरजेवर व उवांवर त्यांचा उपयोग पूर्वापार होत आला. परंतु खरूज घरांतील एकास झाली म्हणजे सर्वांस होते, आणि आज तिच्यावर सरकारी दवाखान्यांत खात्रीचें औषध मिळतें. तें सोडून महिनाभर करंजेल चोळीत बसणें म्हणजे रोगास घरभर फिरूं देणें होय. कडुनिंबाचें तेल मुलांस पाजणें तर अत्यंत धोक्याचें आहे. तें पाजल्यानें अर्भकांस झटके आले, शुद्ध हरपली आणि कांहीं दगावलीं, अशी नोंद मलेशियांतील डॉक्टरांनीं १९८१ सालीं केली आहे. जें तेल किडीस मारतें, त्याचा तान्ह्या बालकावर काय परिणाम होईल, हें सांगावयास नको.

केसांकडे वळूं. आपल्या रानांतील कोशिंबाचें झाड, ज्यावर उत्तम लाख होते, तें एके काळीं विलायतेंत गाजलें होतें. एकोणिसाव्या शतकांत तेथील पुरुष ‘मॅकॅसर’ नांवाचें तेल केसांस चोपडीत, आणि त्या तेलाचें मूळ या कोशिंबाच्या बियांत सांगतात. सेलेबीझ बेटावरील मकासर बंदरावरून तें नांव पडलें. डोक्याच्या तेलानें खुर्च्या मळूं लागल्या, तेव्हां खुर्चीच्या पाठीवर घालावयाच्या कापडी तुकड्यालाच ‘अँटिमॅकॅसर’ म्हणूं लागले. या तेलानें केस उगवतात, अशी जाहिरात तेव्हांहि होत असे, आजहि होते. वस्तुतः केस त्वचेबाहेर आला म्हणजे तो निर्जीव तंतू असतो. कोणतेंहि तेल त्यास वाढवूं शकत नाहीं, फार तर झिजण्यापासून राखूं शकतें. तेवढें काम मात्र खोबरेल उत्तम करतें. मुंबईंतील दोघां संशोधकांनीं २००३ सालीं दाखविलें कीं, धुण्यापूर्वीं किंवा धुतल्यानंतर खोबरेल लावल्यास केसांतील प्रथिनांचा ऱ्हास कमी होतो. सूर्यफुलाच्या किंवा खनिज तेलानें तसें होत नाहीं. खोबरेलांतील मुख्य मेदाम्लाचे कण लहान व सरळ असल्यानें ते केसाच्या आंत शिरतात, हें त्याचें कारण. आजीनें न्हाण्याच्या आदल्या रात्रीं खोबरेल चोपडावें, यांत मोठें शहाणपण होतें तें असें. पण डोक्यांत कोंडा असेल त्यानें हा नियम पाळूं नये. कोंड्याशीं निगडित असलेली बुरशी स्निग्ध पदार्थांवरच पोसते.

आतां सर्वांत नाजुक प्रश्न, तान्ह्या बाळाचा. गडचिरोलीच्या खेड्यांत डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनें प्रशिक्षित आरोग्यदूतांकरवीं घरोघर नवजात बालकांची काळजी घेऊन बालमृत्यू घटवितां येतात, हें १९९९ सालीं जगापुढें मांडलें. ऊब, स्वच्छता, आईचें दूध आणि जंतुदोषावर वेळीं उपचार, हीं त्या काळजीचीं मुख्य अंगें. तेलाचें महत्त्व याच्या खालोखाल. ढाक्याच्या शिशु रुग्णालयांत अकालीं जन्मलेल्या अर्भकांस सूर्यफुलाचें तेल हलक्या हातानें लावल्यावर त्यांच्यांतील जंतुसंसर्ग कमी झाल्याचें २००५ सालीं प्रसिद्ध झालें. सौम्य तेल, हलका हात आणि उबदार खोली, एवढें पथ्य सांभाळल्यास मालिशीस हरकत नाहीं. मात्र बाळाच्या नाकांत व कानांत तेल सोडण्याची चाल ताबडतोब बंद झाली पाहिजे. नाकांतील तेल श्वासाबरोबर फुप्फुसांत उतरतें आणि त्यानें एक चिवट प्रकारचा न्युमोनिया होतो. बाळाचा जीव तेवढ्या चमचाभर तेलानें जाऊं शकतो.

भाजल्यावर जवसाचें तेल व चुन्याची निवळी फेंटून लावण्याचा उपाय पूर्वीं युरोपांतहि चालत असे. स्कॉटलंडांतील कॅरन येथील लोखंडाच्या कारखान्यावरून त्यास ‘कॅरन ऑइल’ म्हणत. आज हा उपाय टाकला गेला आहे. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटें साधें वाहतें पाणी सोडावें, स्वच्छ कापडानें सैल झाकावें आणि दवाखाना गांठावा; कोणतेंहि तेल लावूं नये. तसेंच चंद्रपूरच्या मे महिन्यांतील उन्हांत दाट तेल चोपडून बाहेर पडूं नये. घामाचीं छिद्रें कोंडून घामोळें मात्र उठतें.

तेल निवडतांना व ठेवतांना चार गोष्टी पाहाव्या. नवें तेल प्रथम कोपराच्या आंतल्या बाजूस थेंबभर लावून दोन दिवस वाट पाहावी. खवट वास आलेलें तेल अंगास लावूं नये. लागेल तेवढेंच थोडें थोडें घ्यावें, आणि उजेड व हवा यांपासून दूर, झांकणाच्या बरणींत ठेवावें. भद्रावती तर मातीच्या भांड्यांसाठीं प्रसिद्ध. येथील ग्रामोदय संघानें कुंभारकामास नवें वळण दिलें. अशी आंतून झिलई केलेली बरणी पारदर्शक बाटलीहून या कामास केव्हांहि सरस.

वर्ध्यास १९३४ सालीं अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, तेव्हां मगनवाडींत बैलघाण्याच्या सुधारणेवर बराच खल झाला. गांवचें बीं गांवांतच गाळावें, पेंड शेतांत जावी आणि मोल वेंचणाऱ्याच्या हातीं राहावें, असा तो विचार होता. पुढें २००६ च्या वनहक्क कायद्यानें गौण वनोपजावरील गांवाचा हक्क मान्य केला, आणि २००९ सालीं गडचिरोलींतील मेंढा (लेखा) या गांवास सामूहिक वनहक्क मिळाला. टोळ वेंचणाऱ्या बाईला त्या तेलाचे गुण आणि दोष दोन्हीं ठाऊक असतात. तेल घेतांना आपण तिच्याकडून दोन्हीं विचारून घ्यावे. बाटलीवरील चिठ्ठी त्यांपैकीं एकच सांगते.