मानेचा कडकडाट आणि हाताच्या मुंग्या

कायरोप्रॅक्टिक उपचारात मानेला किंवा कण्याला हाताने झटका दिला जातो. ही पद्धत डी. डी. पामर यांनी १८९५ साली अमेरिकेतील डेव्हनपोर्ट इथे सुरू केली. झटक्यानंतर स्नायू आखडले किंवा मज्जातंतूचे मूळ चिडले की हाताला मुंग्या येऊ शकतात. त्या बहुधा काही दिवसांत ओसरतात. भीती मात्र त्यांना वाढवते. घाबरलेला माणूस भराभर श्वास घेतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, त्यामुळे मुक्त कॅल्शियम कमी होते आणि बोटांना, ओठांभोवती नव्या मुंग्या येतात. मग तीच लकव्याची चाहूल वाटू लागते! अशा वेळी श्वास सावकाश सोडावा, हात सारखा चाचपू नये. बोलणे अडखळणे, एका बाजूची ताकद जाणे, अचानक तीव्र मानदुखी किंवा लघवीवरचा ताबा सुटणे याला मात्र मनाचे खेळ समजू नये. लगेच रुग्णालय गाठावे.