वाय-फाय सारखं तुटतंय? आधी दोष घरात की बाहेर, ते शोधा

चंदीगढच्या आयटी पार्कमध्ये नोकरी करणाऱ्यांना नेटवर्कचं सगळं कळतं, असा माझ्या घरच्यांचा समज आहे. खरं सांगायचं तर मी तिथे लेख लिहिते. मागच्या उन्हाळ्यात भाड्याच्या घरातून काम करताना माझं वाय-फाय रोज तुटायचं. एकदा तर क्लायंटसमोर बोलता बोलता मी स्क्रीनवरून गायब झाले! इंटरनेट कंपनीला तीनदा फोन केला. माणूस आला, लाइन तपासली आणि "बाहेर सगळं ठीक आहे" म्हणून निघून गेला.

रात्री आईला फोनवर हे सांगितलं. ती म्हणाली, "अगं, लाइट गेली की आपण आधी काय करतो? शेजारी लाइट आहे का ते बघतो. असेल, तर आपला फ्यूज गेलाय."

आईनं नकळत पहिला नियमच सांगितला होता. तुमचा फोन, लॅपटॉप, प्रिंटर आणि राउटर मिळून घरातलं छोटं नेटवर्क बनतं. त्यालाच 'लॅन' म्हणतात. इंटरनेट त्याच्या पलीकडे सुरू होतं.

दोष कुठे आहे?

कनेक्शन तुटलं की फोनचा मोबाइल डेटा बंद करा आणि वाय-फाय चालू ठेवा. राउटरच्या खाली छापलेला पत्ता ब्राउझरमध्ये टाका. अनेक राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. राउटरचं पान लगेच उघडलं, तर तुमच्या फोनपासून राउटरपर्यंतचा रस्ता ठीक आहे. मग कंपनीला फोन करा. पान उघडलंच नाही, तर दोष घरातच शोधा.

लॅपटॉपवर हेच काम 'पिंग' ही कमांड करते. ती माइक म्यूस यांनी १९८३ मध्ये लिहिली. पाणबुडी शोधणाऱ्या सोनारच्या आवाजावरून तिला हे नाव मिळालं. 'आहेस का?' अशी हाक मारायची आणि उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजायचं, एवढंच तिचं काम. राउटरकडून उत्तरं मधूनमधून येत नसतील, तर गडबड घरातच आहे.

घरातले नेहमीचे गुन्हेगार

• केबल: टोकाची प्लास्टिकची खिट्टी तुटली की केबल सैल होते. खुर्चीच्या चाकाखाली चिरडलेली केबलही दगा देते. दुसरी केबल लावून बघा. तांब्याची नेटवर्क केबल १०० मीटरपेक्षा लांब नसावी.

• जागा: कपाटात किंवा टीव्हीमागे कोंडलेला राउटर तापतो आणि त्याचा सिग्नलही अडतो. तो मोकळ्या, उंच जागी ठेवा.

• बँड: २.४ गीगाहर्ट्झ लांब पोचतो, पण त्यावर गर्दी असते. ५ गीगाहर्ट्झ वेगवान असतो, पण भिंतींपुढे लवकर दमतो. फ्लॅटमध्ये शेजाऱ्यांचे राउटर जवळ असतील, तर २.४ वर १, ६ किंवा ११ यांपैकी कमी गर्दीचा चॅनेल निवडा.

• एकच पत्ता: दोन उपकरणांना एकच आयपी पत्ता मिळाला, तर ती एकमेकांना अडवतात. प्रिंटरला हातानं पत्ता दिला असेल, तर हे हमखास तपासा.

• बॅटरी बचत: फक्त एकच लॅपटॉप तुटत असेल, तर त्याच्या वाय-फायची पॉवर सेव्हिंग सेटिंग बंद करून बघा.

एका वेळी एकच बदल करा. सगळं एकदम बदललं, तर नेमकं काय चुकलं होतं ते कधीच कळणार नाही.

वहीत सापडलेला चोर

मी आठवडाभर कनेक्शन तुटण्याच्या वेळा वहीत लिहिल्या. दुपारी दीड आणि रात्री साडेआठ, जवळपास रोज! या दोन्ही वेळा जेवणाच्या. राउटर स्वयंपाकघराच्या खिडकीत होता आणि त्याच्या शेजारी मायक्रोवेव्ह. मायक्रोवेव्हही २.४ गीगाहर्ट्झच्या आसपासच चालतो. माझी भाजी गरम होत होती आणि वाय-फाय गुदमरत होतं.

राउटर बाहेरच्या खोलीत हलवला आणि लॅपटॉप ५ गीगाहर्ट्झवर जोडला. खर्च शून्य. आता जेवणाच्या वेळीही मीटिंग नीट चालते, आणि आई घरी सगळ्यांना सांगते की आमच्या मुलीला नेटवर्कमधलं सगळं कळतं.