हिएतानिएमीतला उजेड

हेलसिंकी, 27 डिसेंबर

सकाळचे साडेनऊ वाजत आलेत आणि खिडकीबाहेर आत्ता कुठे उजाडतंय. दुपारी सव्वातीनला दिवस मावळेलही. फिनलंडच्या उत्तर टोकाला, उत्स्योकीकडे, नोव्हेंबरच्या अखेरीस मावळलेला सूर्य जानेवारीच्या मध्यापर्यंत तोंड दाखवत नाही. या काळोख्या दिवसांना फिनिश भाषेत ‘कामोस’ असा वेगळा शब्दच आहे. तो काळोख अंगावर घेतल्याखेरीज इथला नाताळ कळत नाही. ऊब इथे अक्षरशः पेटवावी लागते.

नाताळ सुरू होतो 24 तारखेच्या दुपारी, तुर्कू या जुन्या शहरात. कॅथेड्रलचे बाराचे ठोके पडले की जुन्या चौकातल्या ब्रिंकाला वाड्याच्या सज्ज्यातून ‘नाताळची शांतता’ जाहीर करतात. ही प्रथा चौदाव्या शतकापासूनची. 1827च्या आगीत तुर्कू जळलं, जाहीरनाम्याचा कागदही गेला. मग तो आठवणीतून पुन्हा लिहून काढला. सण भक्तिभावाने आणि शांतपणे साजरा करा, शांतता मोडेल त्याला शिक्षा होईल, एवढाच त्याचा मतलब. पण सारा देश टीव्हीसमोर बसून तो ऐकतो. त्यानंतर दुकानं बंद होतात, बस-ट्राम विरळ होत जातात. रस्त्यावर आपल्याच पावलांखाली बर्फ करकरतो, तेवढाच काय तो आवाज.

फिनिश माणूस अबोल, असं सगळेच सांगतात. ते खरंही आहे. पण त्यांच्या बोलण्यातली एक गोष्ट मला फार भावते. ‘कृपया’ला या भाषेत स्वतंत्र शब्द नाही. दुकानात कॉफी मागायची तर ‘कॉफी, कीतोस’ म्हणतात, आणि कीतोस म्हणजे धन्यवाद. वस्तू हातात पडायच्या आधीच आभार मानून मोकळे!

आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर ऐंशीच्या पुढच्या एक बाई एकट्या राहतात. इथे वडीलधाऱ्यांनाही नावानेच हाक मारतात, माझ्या तोंडी मात्र आजीच बसलंय. 24ला दुपारी त्यांनी दार वाजवलं. ‘सॉनाची वेळ माझ्या नावावर आहे, टॉवेल घेऊन चल.’

साधारण 55 लाख वस्तीच्या या देशात सॉना तिसेक लाख आहेत. आमच्या इमारतीतला तळघरात, सगळ्यांचा मिळून. नाताळचा सॉना दिवसाउजेडी उरकायचा असतो. तापलेल्या दगडांवर आजी लाकडी ओगराळ्याने पाणी घालायच्या, चर्रकन वाफ उठायची आणि कानाच्या पाळ्या पोळायच्या. मला नरकचतुर्दशीच्या पहाटेचं न्हाणीघर आठवलं. तीच धुऊन-पुसून सणात शिरण्याची घाई. निघताना आजींनी दगडांवर आणखी एक ओगराळं पाणी ओतलं. आपल्यानंतर सॉनात घरचा राखणदार बुटका येतो, गेलेली माणसं येतात, असा जुना समज आहे. त्यांच्यासाठी वाफ ठेवून जायचं. आपल्याकडे पितरांचा घास बाजूला काढतात, तसंच.

मग आम्ही हिएतानिएमीच्या दफनभूमीत गेलो. चार वाजले होते, म्हणजे रात्रच. फाटकातून आत शिरले आणि पाय थबकले. बर्फावर हजारो दिवे लागले होते. लहान मुलांना पाठुंगळी घेतलेले बाप, चाकाच्या खुर्चीतले म्हातारे, आणि सगळे हळू आवाजात बोलणारे. नाताळच्या संध्याकाळी थडग्यांवर दिवे लावण्याची ही रीत शंभरेक वर्षांची असेल; देशभर रुजली ती युद्धानंतर. 30 नोव्हेंबर 1939ला सोव्हिएत सैन्य चालून आलं, तेव्हापासून फिनलंडने शक्य तो आपला प्रत्येक पडलेला सैनिक त्याच्या गावच्या मातीत आणून पुरला. त्यामुळे गावोगावच्या चर्चपाशी सैनिकांच्या थडग्यांच्या ओळी आहेत. आजींचे वडील इथल्या ओळीत आहेत. त्यांनी हातमोजा काढून उघड्या तळव्याने दगडावरचा बर्फ झाडला, नाव नीट दिसेपर्यंत. मग दिवा ठेवला. बोलल्या काहीच नाहीत.

थोड्या वेळाने माझा कोपर धरून त्या मला एका वेगळ्या जागी घेऊन गेल्या. ज्यांची माणसं दूर कुठेतरी पुरली आहेत, त्यांच्यासाठी राखलेली ही जागा. अशी जागा इथल्या बहुतेक दफनभूमींत असते. आजींनी पिशवीतून दुसरा दिवा काढून माझ्या हातावर ठेवला. घरून निघतानाच तो माझ्यासाठी घेतला होता. माझ्या वडिलांच्या अस्थी नाशिकला गोदावरीत सोडल्या, हे मी त्यांना कधीतरी उन्हाळ्यात, जिन्यात बोलता बोलता सांगितलं होतं.

वारा होता. माझ्या चार काड्या फुकट गेल्या. शेजारच्या अनोळखी माणसाने आपला पेटता दिवा माझ्यापुढे तिरका धरला, त्यावर माझी वात लागली. मी कीतोस म्हटलं, त्याने मान हलवली.

घरी आल्यावर आजींनी तांदळाची खीर वाढली, दालचिनी-साखर भुरभुरवलेली. खिरीत एकच बदाम घालतात. ज्याच्या वाट्याला येतो तो भाग्याचा. आम्ही दोघीच होतो, तरी बदाम होता.

काल मी पुन्हा हिएतानिएमीत जाऊन आले. रात्रभर बर्फ पडला होता आणि दिवे पार बुडाले होते. माझा शोधायला वेळ लागला. एका ठिकाणी बर्फाला वाटीएवढं भोक पडलं होतं, आत खाली पिवळा उजेड होता.